कळ दाबली, कुणी पाहिली?

परीक्षेत शेजारचा मुलगा आपल्या पेपरात डोकावला, की आपण लगेच हात आडवा धरतो. पण डोकावणारा संगणकाच्या आतच दडून बसला असेल तर?

अशा छुप्या प्रोग्रॅमला ‘की-लॉगर’ म्हणतात. की म्हणजे कळ, लॉग म्हणजे नोंद. कळफलकावर तुम्ही जी जी कळ दाबाल, ती तो गुपचूप टिपतो आणि इंटरनेटवरून आपल्या मालकाकडे पाठवतो. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात ना? या चोराला मात्र खरी अक्षरेच मिळतात, बरं का!

ही युक्ती घरोघरी संगणक येण्याआधीची आहे. १९८४ साली रशियातल्या अमेरिकी वकिलातीचे विजेवर चालणारे टाइपरायटर तपासायला अमेरिकेत नेले. क्ष-किरणांखाली धरले, तर एका धातूच्या पट्टीच्या पोटात चिमुकले यंत्र! कोणते अक्षर उमटले ते ओळखून ते रेडिओलहरींनी बाहेर कळवत असे. असे १६ टाइपरायटर सापडले. वकिलातीचे गुप्त संदेश सांकेतिक भाषेत जात. पण ते कुलूप लागण्याआधी, टाइप करतानाच मजकूर फुटत होता.

आता आपल्याकडे बघू. हिंगोली, वसमत, कळमनुरीला शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरायला आपण सेवा केंद्रात, नेट कॅफेत जातो. तिथला संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो. कुणी फुकटचा खेळ उतरवून घेतला, की त्याच्या पाठीवर बसून की-लॉगरही येऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी आई-बाबांच्या बँकेचा पासवर्ड कधीच लिहू नका. अर्जाचा पासवर्ड लिहावा लागलाच, तर तो नंतर घरच्या मोबाइलवरून बदला. माउसने दाबायचा पडद्यावरचा कळफलक साध्या की-लॉगरला फसवतो. पण काही लबाड पडद्याचेही फोटो काढतात! मोबाइलवर येणारा ओटीपी हे दुसरे कुलूप. तो कुणालाही सांगू नका.

गंमत म्हणूनही मित्राच्या संगणकात असले काही टाकू नका. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि घरातल्या कुणाचे पैसे गेलेच, तर रागावतील म्हणून गप्प बसू नका. मोठ्यांना सांगून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायला लावा.

या आठवड्याचा उद्योग : शाळेत संगणक असेल, तर गुरुजींना विचारून त्याची मागची बाजू पाहा. कळफलकाची वायर थेट संगणकात जाते, की मध्ये एखादा परका तुकडा आहे? की-लॉगर तसाही असतो!