फ्रेंच अवघड, पण कोणासाठी?



आठवीत मुलाने फ्रेंच घेतलं की पहिल्या सहामाहीतच घरात एक वाक्य ऐकू येतं, "या भाषेला काही लॉजिकच नाही!" टेबल स्त्रीलिंगी का, पुस्तक पुल्लिंगी का, एका 'यू'साठी दोन शब्द कशाला. मुलं वैतागतात, पालक क्लास शोधायला लागतात. माझं मत असं की ही तक्रार आपल्या मुलांची नाहीच. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांची आहे. आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकवतो, पुस्तकंही बरीचशी त्यांच्यासाठी लिहिलेली वापरतो आणि त्यांच्या अडचणी पुस्तकांसकट घरी आणतो.

लिंगाचंच बघा. इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं, त्यामुळे लंडनच्या मुलाला ही कल्पनाच नवी. आपलं चार वर्षांचं पोर 'मोठा डबा, मोठी पिशवी, मोठं ताट' न अडखळता म्हणतं. फ्रेंचमध्ये तर दोनच लिंगं! कुठल्या शब्दाचं कोणतं, हे पाठ करावं लागतं हे खरं. चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि हातसुद्धा. पण विशेषण नामामागे बदलतं हे शिकवायला तास घालवायचं कारण नाही. 'मों फ्रेर, मा सर' म्हणजे माझा भाऊ, माझी बहीण. 'सा मेर' म्हणजे 'त्याची आई' की 'तिची आई', यावर इंग्रजी मुलं हमखास गोंधळतात. तुम्ही फळ्यावर 'त्याची आई' लिहा आणि विचारा, ही 'ची' कोणामुळे आली? आईमुळे. झालं. (पुढे 'एकोल' म्हणजे शाळा स्त्रीलिंगी असूनही 'मों एकोल' का, हे सांगावं लागेल. स्वरापुढे 'मा' चालत नाही म्हणून. प्रत्येक घरात एखादा हट्टी असतोच.)

'तू' आणि 'तुम्ही'बद्दल तर काही बोलायलाच नको. परक्याला 'व्हू', मित्राला 'त्यु'. देवालाही तिकडे प्रार्थनेत 'त्यु'च म्हणतात, जसं आपण विठ्ठलाला म्हणतो.

खरी गंमत क्रियापदांत आहे. 'आय लाइक इट' याचं फ्रेंच 'सा म प्ले'. इंग्रजी वाक्यावरून निघालेल्या मुलाला हे उलटं वाटतं, कारण 'मी' कर्ता राहतच नाही. मराठीत म्हणून बघा: 'मला हे आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि 'मी'चं झालं 'मला'. 'आय मिस यू'साठी 'त्यु म मांक', शब्दशः 'तू मला उणा आहेस'. 'मला तुझी आठवण येते' म्हणणाऱ्या मुलाला यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

'आय कॅन स्विम' घ्या. मुलं 'कॅन'ला 'पुव्वार' लावतात आणि गुण जातात, कारण शिकून आलेल्या कौशल्यासाठी फ्रेंचमध्ये 'साव्वार' लागतं: 'ज से नाजे'. हा फरक मराठीत जन्मापासून आहे. 'मला पोहता येतं' वेगळं आणि 'आज ताप नाही, मी पोहू शकतो' वेगळं. 'येतं' तिथे साव्वार, 'शकतो' तिथे पुव्वार, एवढं सांगितलं की बहुतेक काम होतं.

भूतकाळात इंग्रजीचं 'वेंट' दोन गोष्टी एकाच पिशवीत भरतं. 'आम्ही सुट्टीत आजोळी जायचो' आणि 'आम्ही काल आजोळी गेलो' हे आपल्याला वेगळं ऐकू येतं. पहिल्याला फ्रेंचमध्ये एंपारफे, दुसऱ्याला पासे कॉम्पोझे. आणि ज्याला सगळे घाबरतात तो नियम: 'जाणे'सारख्या क्रियापदांत रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, तर इतरांत कर्म आधी आलं असेल तर कर्माप्रमाणे. 'ला लेत्र क जे एक्रीत', मी जी चिठ्ठी लिहिली. लिहिणारा मुलगा असला तरी 'लिहिली', कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. आपण 'तो गेला, ती गेली' म्हणतो आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली' म्हणतो, तोच खेळ. एक सावधगिरी मात्र हवी: कर्म मागून आलं तर फ्रेंच रूप बदलत नाही, 'जे एक्री ला लेत्र'. मराठीत ते कुठेही असलं तरी बदलतं. हा फरक मुद्दाम दाखवा.

फसवे शब्द इंग्रजीमुळेच फसवतात. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून फ्रेंच शब्दांची रीघ इंग्रजीत लागली आणि कित्येकांचे अर्थ पुढे सरकले. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, वाचनालय नव्हे. 'ब्लेसे' म्हणजे जखमी! हे समजावताना हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली 'शिक्षा' शेजारी ठेवा. वर्ग हसतो आणि विसरत नाही.

उच्चारातही तेच. फ्रेंच 'त' आणि 'द' दातांवर जीभ टेकवून येतात, आपल्यासारखे. 'प'मधून इंग्रजीसारखी हवा सुटत नाही. तरी आपली मुलं इंग्रजी वळणाने 'टाब्ल' म्हणतात, कारण पुस्तकात 'टेबल'चंच स्पेलिंग दिसतं. 'ताब्ल' म्हणा म्हटलं की उच्चार लगेच जवळ येतो.

काही जण म्हणतात, वर्गात गुजराती, हिंदी भाषक मुलंही असतात, मग मराठी कशी आणायची? त्यांच्याही भाषांत वस्तूंना लिंग आहे, 'ने'सारखी रचना आहे. त्यांना त्यांच्या भाषेतलं वाक्य विचारा, शिक्षकाला ती भाषा आली पाहिजे असं नाही. आणि पालकांनो, 'फ्रेंच चालू आहे तर घरी मराठी नको, गोंधळ होईल' हा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. वर लिहिलेलं सगळं मूल शाळेत नाही, स्वयंपाकघरात शिकून आलेलं असतं.

मराठी जिथे हात देत नाही अशा जागाही आहेत. आपल्याकडे 'अ', 'द' सारखी उपपदं नाहीत, त्यामुळे 'ल' की 'अं' हे ठरवताना इंग्रजीचा आधार जरूर घ्या. पण 'थोडा पाव' या अर्थाने 'द्यु पँ' म्हणताना तो 'द्यु' का लागतो, हे इंग्रजीतूनही नीट कळत नाही. तिथे लंडनचं मूल आणि लातूरचं मूल एकाच बाकावर. भरपूर वाक्यं बोलून घ्यायची, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.