बेगम बाजारातलं 'नक्को'

गेल्या मे महिन्यात एलटीसी घेऊन सहकुटुंब हैदराबादला गेलो. चारमिनार, गोवळकोंडा झाल्यावर बायकोला पितळेची समई हवी म्हणून आतेबहिणीने आम्हाला बेगम बाजारात नेलं. अरुंद गल्ल्या, भांड्यांचा खणखणाट, सुक्यामेव्याची पोती. बायकोने भाव पाडायला सुरुवात केली, तसा दुकानदार म्हणाला, "नक्को मॅडम, इत्ताइच भाव है."

नववीतली माझी मुलगी चमकून म्हणाली, "पप्पा, हा मराठी बोलतो?"

मराठी नव्हे, दख्खनी. पण त्यातलं 'नक्को' हे आपलं 'नको', आणि 'इत्ताइच'मधला तो 'च'ही आपलाच. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पण हे देणंघेणं त्याहून कितीतरी जुनं. शतकानुशतकं शेजारी नांदलेल्या माणसांनी सौदे केले, भांडणं केली आणि कोणी न शिकवता शब्द एकमेकांच्या तोंडी गेले. हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी शंभरी ओलांडलेली मराठी शाळा आहे, तिचं मोल मोठंच. पण हे 'नक्को' कुठल्याच शाळेने शिकवलेलं नाही.

गंमत बाजूला राहिली आणि मनात एक बोच राहिली. तो दुकानदार मराठी शिकलेला नसून बिनदिक्कत 'नक्को' म्हणतो. माझी मुलगी मराठी वाचते, पण मी मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत देते. तिला मी दोन उन्हाळे संस्कार शिबिरात घातलं होतं. श्लोक पाठ झाले, शेवटच्या दिवशी नऊवारी नेसून फोटो निघाले. जूनमध्ये सगळं विसरली.

आयर्लंडमध्ये आयरिश भाषेसाठी उन्हाळी शाळा चालतात. पहिली १९०४ साली बॅलिंगिअरी या गावी निघाली, तेव्हा प्रामुख्याने शिक्षकांसाठी. आता दर उन्हाळ्यात हजारो शहरी मुलं आयरिश बोलणाऱ्या गावांत जाऊन राहतात. सकाळी वर्ग, संध्याकाळी नाच-गाणं. पण मुलं उतरतात ती गावातल्या घरांत. जेवायला मागायचं ते घरच्या बाईकडे, आयरिशमध्ये. इंग्रजी बोलत राहिलं तर घरी पाठवण्याचीही पद्धत आहे. तिथे संस्कृती बघायची नसते, तिच्यात राहायचं असतं.

आपल्याला हे जमेल का? गोव्यात बहुतेक घरांत आणि बाजारांत बोलणं कोकणीतून. ते तसंच असावं, त्याबद्दल तक्रार नाही. आपली मराठी वसते ती दुसरीकडे: भजनाच्या बैठकीत, कीर्तनात, जत्रेच्या रात्रीच्या नाटकात, सकाळच्या वर्तमानपत्रात. तेच तिचं घर. मग मुलांना तिथे का नेऊ नये? प्रेक्षक म्हणून नव्हे, हातात टाळ देऊन. नाटकाच्या तालमीला प्रॉम्प्टर म्हणून बसवून. आजीला पेपर वाचून दाखवायला सांगून.

परत आल्यावर मुलीला शिबिराऐवजी डिचोलीला तिच्या आत्येकडे महिनाभर पाठवली. आत्येच्या घरी रोज संध्याकाळी भजन असतं. पहिल्या आठवड्यात फोनवर रडली. चौथ्या आठवड्यात मी विचारलं, "उद्या न्यायला येऊ?"

पलीकडून उत्तर आलं, "नक्को! अजून दोन दिवस."

चेष्टेत का होईना, उत्तर इंग्रजीत नव्हतं. मला तेवढं पुरे आहे. तुमच्याही घराजवळ कुठेतरी टाळ वाजत असतील. या सुट्टीत मुलांना तिकडे धाडून बघा.