सुवर्णदुर्गाच्या किनाऱ्याला एक ग्रंथालय द्या

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात आमच्या सुवर्णदुर्गाचं नाव आलं. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीला आलेला माणूस दर्शन झालं की समुद्राकडे वळून उभा राहतो, तो हाच किल्ला बघायला. केंद्राने हा प्रस्ताव शेवटपर्यंत नेटाने लावून धरला, त्याबद्दल या किनाऱ्यावरचा माणूस म्हणून आपले मनापासून आभार. त्याच हक्काने पुढचं मागणं मांडतो.

हर्णैहून होडीने किल्ल्यावर गेलं की महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव दिसतं आणि तटावर मारुती. येणारा विचारतो, कासव कशासाठी? इथं लढाई कुणाची झाली? आंग्रे कोण? उत्तर देतो होडीवाला, घरात ऐकलेलं असेल तेवढं. त्याचं सांगणं कमी मोलाचं नाही. इथले वारे, उधाणं, पाण्याखालचे खडक यांची त्याला जी जाण आहे ती आरमाराच्या इतिहासकारालाही हवीशी वाटेल. पण ती टिपून ठेवायला कोणी नेमलेलं नाही, आणि कागदपत्रांतला इतिहास त्याच्यापर्यंत आणून पोचवायलाही कोणी नाही.

आता लंडनची गोष्ट ऐका. एप्रिल 1755 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने मराठा आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते, हे आपल्या इतिहासातलं दुखरं पान. किल्ल्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि किल्ला पडला. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ विटांचा तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो मोडकळीला आला तेव्हा स्थानिक लोकांनी न्यास काढला, राष्ट्रीय लॉटरीतून वारशासाठी राखलेला पैसा मिळवला आणि 2014 मध्ये तो लोकांसाठी पुन्हा उघडला. जिंकणाऱ्याची बाजू सांगणारी वास्तू तिकडे अशी उभी आहे. ज्यांनी किल्ला लढवला त्यांची बाजू सांगणारं केंद्र सरकारचं एखादं संग्रहालय हर्णै-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर नाही. मला हे फार लागतं.

पैशाचं म्हणाल, तर 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च 50 लाख कोटींच्या वर आणि आपल्या मंत्रालयाची तरतूद सुमारे 3,360 कोटी. शंभर रुपयांत सात पैसेही नाहीत. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जातो. तो जायलाच हवा. सुवर्णदुर्गाचा तट त्यांच्याच संरक्षणाखाली आहे आणि लाटांचा मार तो रोज खातो. पण उरलेल्या पैशांतून देशभरची संग्रहालयं, ग्रंथालयं, अभिलेखागारं, अकादम्या चालायच्या म्हटल्यावर दापोली तालुक्याच्या वाट्याला काय येणार?

ग्रंथालयं हा राज्यसूचीतला विषय आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि खेड्यातलं वाचनालय त्यातल्या तुटपुंज्या अनुदानावर आणि ग्रंथपालाच्या चिकाटीवर तग धरून आहे. तरीही केंद्राने 1972 मध्ये राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान काढलंच की! संग्रहालयांना अनुदान देण्याची योजनाही आपल्याच मंत्रालयाची आहे. म्हणजे वाट आहे, फक्त ती या किनाऱ्यापर्यंत आणायची आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं भिजून गेली. कोकणातला ग्रंथसंग्रह किती नाजूक धाग्यावर लोंबतो आहे, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेला बसण्यासाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. दीडशे वर्षं होत आली. आज आंजर्ल्याच्या मुलीला आंग्र्यांच्या आरमारावर चार अस्सल कागद वाचायचे झाले, तर तिलाही पुण्याचं पेशवे दफ्तर नाहीतर मुंबईचं अभिलेखागार गाठावं लागतं, आणि कंपनीची कागदपत्रं तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

म्हणून माझं मागणं मोठ्या इमारतीचं नाही. कोनशिला बसते, फीत कापली जाते आणि दोन वर्षांनी कुलूप लागतं, असं होऊ नये. चार खोल्या पुरतील. त्यांत सुवर्णदुर्गाच्या आणि आंग्र्यांच्या कागदपत्रांच्या प्रती असाव्यात, लंडनच्यासुद्धा. मराठीत लिहिलेली छोटी मांडणी असावी. गावातल्या मुलांना बसून वाचता येईल असं टेबल असावं. मुख्य म्हणजे मोडी वाचता येणारा एक अभ्यासक आणि एक ग्रंथपाल कायमच्या पगारावर नेमावा, आणि त्यांनी पावसाळ्यात, होड्या बंद असतात तेव्हा, गावोगाव जाऊन खलाशी आणि कोळी मंडळींकडची माहिती लिहून घ्यावी.

येत्या अर्थसंकल्पात या दोन पगारांची आणि चार खोल्यांची तरतूद करावी, ही कळकळीची विनंती. जागेसाठी गावकऱ्यांशी बोलायला मी आजपासून सुरुवात करतो.

आपला नम्र,
आंजर्ल्याचा एक रहिवासी
ता. दापोली, जि. रत्नागिरी