नावेच्या यंत्राची झीज

सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ४५ फुटांवर गेलें, कीं धोक्याची पातळी ओलांडली असें समजतात. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्याहि वर चढलें. आणि ज्या घरांतून कधीं नावेचें नांवहि निघत नसे, तेथील वृद्ध व मुलेंबाळें नावेंतून बाहेर काढावीं लागलीं. तिकडे साताऱ्याच्या बामणोली-तापोळ्यास तर कोयनेच्या शिवसागर जलाशयांतून नावेनें जाणें नित्याचेंच. तेव्हां नावेच्या पाठीस लावावयाच्या जुन्या आउटबोर्ड मोटारीविषयीं चार शब्द लिहिले, तर ते अस्थानीं होणार नाहींत.

गेल्या वैशाखांत कृष्णाकाठच्या एका गांवीं आम्हीं अशी एक मोटार पाहिली. खर्च वाचावा म्हणून झिजून लंबगोल झालेल्या सिलिंडरांत नुसत्या नव्या रिंगा घातल्या होत्या. रिकामी नाव झपाट्यानें गेली. परंतु वाळूचीं पोतीं भरतांच मोटार दमली आणि बांबूनें रेटून नाव काठास आणावी लागली. पाणी उन्हाळ्याचें होतें, म्हणून सारे हंसले. श्रावणांत कोणी हंसलें नसतें.

ही झीज केवळ वयानें होते असें नाहीं. जुन्या टू-स्ट्रोक मोटारींत पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच सिलिंडरचें वंगण. त्यांत काटकसर केली, कीं पिस्टन कोरडा घासतो. गाळानें थंडाव्याच्या पंपाचें रबरी चक्र झिजलें, तर सिलिंडर तापून पिस्टन अडकतो.

दोन्ही सिलिंडरांचा दाब मापकानें पाहावा. दोहोंत शेंकडा १० हून अधिक अंतर पडल्यास यंत्र उघडून सिलिंडरचा व्यास वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं मोजावा. माप मर्यादेंत असेल, तर होनिंग करून नव्या रिंगा घालणें पुरे. मर्यादेबाहेर असेल, तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविणें प्राप्त आहे. मात्र पिस्टन आधीं हातीं यावा, त्याचें माप घ्यावें, आणि मगच बोअर करावा. नंतर सिलिंडरमधील पोर्टांच्या धारदार कडा किंचित् मोडाव्या. नाहींतर नवी रिंग त्यांत अडकून तुटते. सिलिंडरास लोखंडी लायनर नसून आंतून नुसता मुलामा असेल, तर बोअर करण्याच्या भरीस पडूं नये.

एवढें झाल्यावरहि कांहीं तास मोटार बेताच्या वेगानें चालवावी लागते. तेव्हांच रिंगा नीट बसतात. हें काम पूर दारीं आल्यावर होणारें नव्हे. पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं, सरपण भरावें, ही शिस्त आपल्या घरांतून पूर्वापार आहे. त्याच यादींत गांवच्या नावेचें नांव कोणीतरी लिहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.