नोकरदार खेळाडूंचा सुवर्णकाळ

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून १९५१ ते १९६२ या वर्षांकडे बोट दाखविले जाते. आशियाई स्पर्धेतील दोन सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक ही त्या काळाची मिळकत. तिचे वर्णन करताना खेळाडूंच्या कौशल्याचे पोवाडे गाइले जातात. पण हे खेळाडू महिन्याच्या एक तारखेला पगार कोठे घेत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

बॅनर्जी यांचा जन्म १९३६ सालचा, उत्तर बंगालमधील जलपाईगुडीच्या परिसरातला. पुढे कुटुंब जमशेदपूरला आले आणि पोलादाच्या त्या नगरीत ते वाढले. कोवळ्या वयातच संतोष करंडक स्पर्धेत ते बिहारकडून खेळले. १९५४ मध्ये कलकत्त्याच्या एरियन क्लबात आणि पुढच्याच वर्षी पूर्व रेल्वेच्या संघात त्यांनी प्रवेश केला. तेथे ते निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत राहिले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या ज्या दोन संघांसाठी कलकत्ता जीव टाकते, त्यांच्याकडून देशाचा हा अव्वल विंगर एकदाही खेळला नाही.

भावनेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यास हे विचित्र वाटेल. हिशेब मांडणाऱ्यास वाटणार नाही. खेळाडूची उमेदीची वर्षे दहा-बारा. त्यानंतरचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे. त्या काळी फुटबॉलपटू कागदोपत्री हौशी होता. गुडघा दुखावला की क्लबचे प्रेम आटण्यास वेळ लागत नसे. रेल्वेची नोकरी मात्र टिकून राही. ही गोष्ट केवळ बॅनर्जींपुरती नव्हती. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकणारा हैदराबादचा संघ पोलिसांचा होता. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा टाटांच्या संघातले. आणि या साऱ्यांना घडविणारे राष्ट्रीय प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम व्यवसायाने शिक्षक होते. आपला सुवर्णकाळ हा हजेरीपटावर सही करणाऱ्यांनी आणला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेची ताकद १९५८ मध्ये दिसली. बॅनर्जींच्या पूर्व रेल्वेने कलकत्ता लीगचे विजेतेपद पटकावले. स्वातंत्र्यानंतर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महामेडन स्पोर्टिंग यांच्याबाहेरचा विजेता प्रथमच निघाला. दुसरा निघण्यास २०१९ उजाडावे लागले, आणि तो पीअरलेसचा संघही एका वित्तीय कंपनीचाच, हा योगायोग नव्हे. रोम ऑलिंपिकमध्ये (१९६०) कर्णधार या नात्याने बॅनर्जींनी फ्रान्सविरुद्धच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्यात गोल केला. १९६२ च्या जाकार्ता येथील अंतिम सामन्यात प्रतिकूल प्रेक्षकांपुढे दक्षिण कोरियाविरुद्धचा पहिला गोलही त्यांचाच. तो सामना भारताने २-१ असा जिंकला. कर्करोगाने ग्रासलेले रहीम त्यानंतर वर्षभरातच, जून १९६३ मध्ये निवर्तले.

प्रशिक्षक म्हणून बॅनर्जींच्या पदरी राष्ट्रीय यश आरंभीच पडले. बाशा यांच्यासह त्यांनी तयार केलेल्या संघाने १९७० मध्ये बँकॉकला जपानला नमवून कांस्यपदक मिळविले. त्यानंतर २०२३ च्या हांगझो स्पर्धेपर्यंत आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे एकही पदक आपल्या वाट्याला आलेले नाही. क्लबच्या मैदानावर मात्र त्यांना विजयाची जणू सवयच जडली. १९७५ च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडविला. मग तेच मोहन बागानकडे गेले आणि १९७७ मध्ये त्या संघाने शील्ड, ड्युरँड व रोव्हर्स असे तिन्ही करंडक एकाच मोसमात जिंकले. त्याच वर्षी पेले यांच्या कॉसमॉस संघाला ईडन गार्डन्सवर २-२ असे रोखण्यात आले. सामन्यापूर्वी बॅनर्जी खेळाडूंपुढे जे बोलत, त्याला कलकत्त्यात 'व्होकल टॉनिक' असे नाव पडले होते. घराणे, वंगभूमी, मागचा पराभव, कशाचीही आठवण देऊन ते थकलेल्या माणसाला पेटवीत. वक्तृत्वाची ही किमया नाकारण्याचे कारण नाही. परंतु टॉनिक हे अशक्ताला दिले जाते, अन्नाची जागा ते घेऊ शकत नाही.

क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू वर्षभर मिळतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला तो घडलेला, किंवा न घडलेला, असा काही आठवड्यांसाठी उसना मिळतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेची तयारी करताना, खेळाडू शिबिरात ठेवायचे की लीगसाठी सोडायचे, यावरून क्लब आणि महासंघ यांच्यात ओढाताण झालीच. उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून भारत ०-१ असा हरला. दोष प्रशिक्षकाच्या डावपेचांत शोधणे सोपे होते. खरी अडचण त्याआधीची आहे. रेल्वे, पोलिस, बँका यांनी तयार खेळाडू नोकरीत घेतला. दहा-बारा वर्षांचा मुलगा मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. पुढे क्लबांचा पैसा वाढला, कचेऱ्यांचे संघ मागे पडले आणि नोकरीचा आधारही सैल झाला. मुंबईत २००५-०६ चे राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा कंपनीचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला, तेव्हा त्याच्या जागी काय येणार, याचा विचार झाल्याचे दिसले नाही.

बॅनर्जींना ही उणीव कळली होती, असे मानण्यास जागा आहे. १९९१ पासून त्यांनी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तंत्रसंचालकाचे काम केले; प्रसिद्धीच्या हिशेबाने ते काम ईडन गार्डन्सच्या तुलनेत काहीच नव्हते. २० मार्च २०२० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत पाच गोलांची आणि पेलेंची आठवण निघाली. त्याबरोबरच १९९७ च्या फेडरेशन करंडक उपांत्य सामन्याचीही: सॉल्ट लेक मैदानावर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरविले होते. त्या दिवशी तीन गोल करणारा बायचुंग भुतिया वयाच्या नवव्या वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिष्यवृत्ती मिळवून गंगटोकच्या शाळेत दाखल झाला होता.