कारवाई आवाजावर, धोका तारेत

मोटारीतील दणदणाटावर चर्चा होते ती डेसिबलची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली. परंतु खरा धोका गालिच्याखालून जाणाऱ्या तारेत असतो.

चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरवर दोन ओहमचा भार पडतो. तो पेलण्याची क्षमता नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो किंवा जळतो. पूर्ण जोरात १००० वॅट देणारा, ८० टक्के कार्यक्षम अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १०४ अँपिअर प्रवाह ओढतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा अधिक तापते. बॅटरीलगत योग्य फ्यूज नसेल, तर घासून उघडी पडलेली तार आगीला निमंत्रण देते.

आवाज शेजाऱ्यांना ऐकू येतो. तापलेली तार मालकालाही दिसत नाही. म्हणून खर्चात काटकसर करायचीच, तर ती वॅटमध्ये करावी, तारेत नव्हे.