कानाचं कौतुक पुरे

एक रील तुम्हीही पाहिलं असेल. जुनी यामाहा आरडी ३५० स्टँडवर लावलेली, शेजारी पांढऱ्या दाढीचे उस्ताद बसलेले. डोळे मिटून ते इंजिनाचा आवाज ऐकतात, स्क्रूड्रायव्हरने कुठेतरी पाव आटा फिरवतात आणि गाडी एकदम लयीत धडधडू लागते. मागे सनईची धून. खाली हजारो कमेंट्स : ‘असे कलाकार आता राहिले नाहीत’, ‘कॉम्प्युटरला हे जमणार नाही, भावा’.

मला हे रील बघवत नाही. त्याच कौतुकापायी मी खंबाटकीच्या घाटात मरता मरता वाचलोय.

गाडी काकाची. १९८५ची. एस्कॉर्ट्‌सने १९८३ साली ‘राजदूत ३५०’ या नावाने आणलेली ही टू-स्ट्रोक गाडी, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची. त्या काळात आपल्या रस्त्यांवर तिच्या जवळपास जाणारं काही नव्हतं, आणि पेट्रोल इतकं पिणारंही नव्हतं, त्यामुळे ती फार विकली गेली नाही. काकाने नऊ वर्षं ती वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली ठेवली होती. मी ती पुण्याला आणली आणि नाना पेठेत विचारत विचारत एका नावाजलेल्या उस्तादांपर्यंत पोचलो. त्यांनी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले, पेट्रोलच्या डबड्यात बुडवले, तांब्याच्या वायरीची एक तार काढून भोकाभोकांतून फिरवली, हवा मारली आणि परत बसवले. मग तो मिटल्या डोळ्यांचा कार्यक्रम झाला. गाडी काय सुंदर उभी राहिली! आयडलला रुपयाचं नाणं टाकीवर उभं राहील इतकी. मीही व्हिडिओ काढला. मीही ‘कलाकार’ लिहिलं.

तीन आठवड्यांनी साताऱ्याला जाताना घाटाच्या चढावर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना डावा पिस्टन सिलिंडरमध्ये धरला. मागचं चाक लॉक झालं. क्लच दाबायचं डोक्यात आलं म्हणून गाडी सरळ घसरत कडेला गेली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला, ब्रेक नाही.

नंतर मी स्वतः कार्ब्युरेटर उघडले. उजव्या मेन जेटवर एक नंबर होता, डाव्यावर दुसरा, बराच लहान. कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या कुठल्या गाडीचा जेट आणून डावीकडे बसवला होता. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला डाव्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळत होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलच्याच वाटेने आत जातं आणि मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घासतो आणि चिकटतो. एवढं साधं.

आता मुद्दा ऐका, कारण सगळं भांडण इथे आहे. उस्तादांनी तो लहान जेट हातात घेतला होता, त्यातून तार फिरवली होती आणि परत जागेवर बसवला होता. पितळेवर नंबर कोरलेला असतो. तो त्यांनी वाचला नाही, कारण वाचायची गरजच नव्हती, त्यांच्याकडे कान होता. आणि त्यांच्या कानाला यातलं काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं. उस्ताद कमी पडले म्हणून नाही. जगातल्या कुठल्याच कानाला ते ऐकू आलं नसतं.

कार्ब्युरेटर म्हणजे एकच भोक नव्हे. थ्रॉटल बंद असताना आणि साधारण पाव उघडेपर्यंत पेट्रोल येतं ते मुख्यतः पायलट जेटमधून; तिथे स्लाइडच्या खालच्या कापाचाही हात असतो. पावपासून पाऊणपर्यंत कारभार सुईचा : स्लाइडला लटकलेली निमुळती सुई वर सरकते आणि वाट मोकळी करते. मेन जेटची पाळी येते पाऊणच्या पुढे. गाडी स्टँडवर उभी करून आयडलवर ऐकणं म्हणजे फक्त पायलट सर्किटची परीक्षा घेणं. मेन जेट जागेवर आहे, नाही, चुकीचा आहे, अर्धा बुजलाय, आयडलला यातलं काहीही कळत नाही. डोळे मिटा नाहीतर उघडे ठेवा. रीलमध्ये जे ऐकू येतं ते गाडीचं प्रस्तावनेचं पान असतं आणि आपण त्यावरून अख्ख्या पुस्तकाला पुरस्कार देऊन टाकतो.

बरं, इथे कार्ब्युरेटर दोन आहेत. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी, एकाच उंचीने उचलल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओझं होऊन बसतो. आरडीत मुठीतून निघालेली एक केबल पुढे फुटते : दोन फांद्या कार्ब्युरेटरला, तिसरी ऑइल पंपाला. पंपावर खूण असते, ती ठरलेल्या जागी जुळवायची असते. (आपल्याकडे बहुतेकांनी तो पंपच काढून टाकला आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून गाडी चालवली. त्यावर एक वेगळा लेख होईल आणि तो याहून रागीट असेल.) स्लाइड जुळवायला कान लागत नाही. एकाच मापाचं ड्रिल बिट दोन्ही स्लाइडखाली धरायचं, दोन्हीकडे सारखं अडकतंय का ते बोटाला कळतं. दहावीतल्या मुलाला जमेल.

स्क्रूंचंही तसंच. या जपानी कार्ब्युरेटरचे स्क्रू फुलीचे दिसतात म्हणून आपण फिलिप्स लावतो. ते फिलिप्सचे नसतातच, जपानी जेआयएस मापाचे असतात. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खातो. मग छिन्नी येते, हातोडी येते. जुन्या गाडीच्या फ्लोट बोलचे स्क्रू बघितले की तिच्यावर किती ‘कलाकारां’चे हात फिरलेत हे मोजता येतं. योग्य स्क्रूड्रायव्हर काही शे रुपयांना मिळतो.

आणि ती तार. पायलट जेटचं भोक केसाहून थोडंच मोठं. पितळ मऊ असतं. तार आत-बाहेर फिरवली की भोक साफ होतं हे खरं, पण आतला काठ घासला जातो आणि जेटवरचा नंबर कायमचा खोटा होतो. मग पुढचा मिस्त्री तो नंबर वाचून हिशेब करतो तेव्हा तोही फसतो. तार न घालता साफ करायची रीत आहे : जेट, सुई, फ्लोट, रबराची प्रत्येक रिंग सुटी करायची, क्लीनरमध्ये भिजत ठेवायचं, थांबायचं, मग प्रत्येक वाटेतून हवा मारून ती पलीकडून बाहेर येतेय का ते बघायचं. शेवटी फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या आकड्याशी पट्टीने ताडायची, कारण बोलमधली पेट्रोलची पातळी चुकली तर वरचं सगळं पाण्यात. दोन कार्ब्युरेटरला निदान अर्धा दिवस. रील होत नाही याचं.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण चाळीस वर्षं याच कानावर गाड्या चालल्या ना? चालल्या. कारण चाळीस वर्षं पेट्रोल जवळपास तेच होतं. आता ते तेच नाही. आपल्या पंपावर आज मिळतं ते साधारणपणे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. २०१८च्या जैवइंधन धोरणात हे लक्ष्य २०३० साठी होतं, नंतर ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं. शुद्ध पेट्रोल जाळायला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाला हिशेब येतो १३.५च्या आसपास. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, तो बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला मेंदू नाही. त्याच्या जेटचं भोक १९८५च्या पेट्रोलसाठी पाडलेलं आहे, तो तितकंच सोडणार. म्हणजे काहीही न बिघडता, सगळं जागच्या जागी असताना, जुनी गाडी आज पातळ मिश्रणावर चालते. फोर-स्ट्रोकवाला म्हणेल जरा गरम होते. टू-स्ट्रोकवाला घाटात बसतो.

शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी दोन महिने उभी राहिली की बोलच्या तळाला पांढरी पूड, जुन्या रबराच्या रिंगा फुगलेल्या, फ्लोटची सुई अडकलेली. उपाय आहेत, तेही कंटाळवाणे : गाडी ठेवताना कॉक बंद करून बोल रिकामा करा, इथेनॉल सोसणारी रबरं घाला, मेन जेट एक-दोन नंबर वरचा लावा, मोठ्या थ्रॉटलवर पळवून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लगचा रंग बघा. बघितलंत ना, परत नंबर आला. ‘एक-दोन नंबर वरचा’ म्हणायचं तर आधी आतला नंबर माहीत हवा आणि तो खरा असायला हवा.

मी सांगलीकडचा आहे, मामाचा ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलच्या पैशावर आमच्या घरातही चूल पेटते. त्यामुळे इथेनॉलला शिव्या देऊन मोकळं व्हायची सोय मला नाही. पण नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच जुन्या गाड्यांसाठी ई-१० उपलब्ध ठेवावं असं म्हटलं होतं. ते माझ्या पंपावर कुठे आहे, एवढं विचारायचा हक्क ऊसवाल्याच्या भाच्यालाही आहे.

इथवर वाचून काही जणांना वाटलं असेल की हा इंजिनिअर पोरगा पीडीएफ वाचून गरीब मिस्त्रीला अक्कल शिकवतोय. बरोबर आहे, तसं वाटायलाच हवं. उस्ताद बाराव्या वर्षी गॅरेजला लागले, पाने पुसत, मार खात. त्यांच्या हाती मॅन्युअल कुणी दिलं? ते इंग्रजीत होतं, डीलरच्या कपाटात होतं. कान त्यांनी हौसेने नाही कमावला. दुसरं काही दिलंच नव्हतं म्हणून कमावला. आणि मी त्यांना त्या दिवशी किती पैसे दिले? दोन कार्ब्युरेटरचे अडीचशे रुपये, तेही तीनशेवरून पाडून. अडीचशे रुपयांत अर्धा दिवस मिळत नाही. तार मिळते. ती तार माझ्या घासाघिशीने जेटमध्ये घातली, हे लिहिताना बोटं अडखळतात, पण आहे ते आहे.

म्हणूनच हे भांडण उस्तादांशी नाही, आपल्याशी आहे. आपल्याला जादू हवी असते, कारण जादूला तासाचा दर नसतो. ‘हात फिरवला की गाडी बोलते’ म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही, लाइक पुरतो. आणि जादू शिकवता येत नाही. उस्तादांच्या गॅरेजात चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा आहे, सगळे त्याला बारक्या म्हणतात. तो तीन वर्षं हा कान बघतोय. काय शिकला असेल? डोळे मिटायला.

गाण्यातही एकेकाळी हेच होतं. घराण्याची चीज बाहेर द्यायची नाही, शिष्यालाही अर्धीच सांगायची. मग भातखंडे नावाचा एक वकील गावोगाव हिंडला, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग छापून टाकले. छापल्याने गाणं मेलं असं काही जण तेव्हा म्हणत, आजही म्हणतात. पण ज्या चिजा कुणी लिहूनच ठेवल्या नाहीत, त्या गेल्या. आपल्या गॅरेजांना भातखंडे मिळाला नाही. कुठल्या मॉडेलला कुठला जेट, सुईची क्लिप पाचांतल्या कितव्या खाचेत, एअर स्क्रू किती आटे बाहेर, हे मराठीत एका पानावर छापून भिंतीला लावलेलं मी एकाही गॅरेजात बघितलेलं नाही. लक्ष्मीचं कॅलेंडर असतं.

सिलिंडर बोअर करून, नवे पिस्टन टाकून गाडी उभी केल्यावर मी ते दोन जेट कागदात गुंडाळून उस्तादांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी ते तळहातावर घेतले, चश्मा वर केला, खाली केला. काही बोलले नाहीत. बारक्याला हाक मारली, “मोबाइल आण, कॅमेरा मोठा कर.” बारक्याने फोन जेटवर धरला आणि दोन्ही नंबर मोठ्याने वाचले. मग परत वाचले. उस्ताद बराच वेळ त्या जेटकडे बघत होते.

“तुझ्याकडं ते पुस्तक हाय म्हणालास.”

“मोबाइलमध्ये आहे. इंग्रजीत आहे पण.”

“मग वाचून दाखव. आत्ता नको, गिऱ्हाईक हाय. गुरुवारी ये, लाइट नसती, मोकळाच असतो. आणि ह्या पोराला समजंल असं वाच.”

त्या गुरुवारी फ्लोटच्या उंचीपर्यंत आलो आणि लाइट परत आली. बाकीचं पुढच्या गुरुवारी. बारक्याने वही आणलीय. उस्ताद म्हणतात, अर्ध्या दिवसाचे आठशे तरी घ्यायला लागतील, गिऱ्हाईक देईल का? मी म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक मी.